शिवण्याआधीचं उसवणं

पहिला शर्ट मी पंधरा मिनिटांत वाया घालवला. पुरुषाचा, मोठ्या मापाचा, निळ्या रेघांचा, सुती. त्याचं काहीतरी नवं शिवायचं म्हणून वापरलेल्या कपड्यांच्या ढिगातून निवडून आणलेला. घरी आल्याबरोबर मांडीवर घेतला आणि कात्री चालवली. बाह्या काढल्या, बाजूच्या शिवणी शिवणीला लागूनच कापल्या, कॉलर उडवली. समोर सात-आठ तुकडे पडले. कुठलाच सरळ नाही, आणि मला हवं तेवढं मोठं तर एकही नाही.

आई शेजारी बसून बघत होती. तिने उमेदीत पुष्कळ शिवलेलं आहे, पण आता सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून मशीनला हात लावत नाही. ती एवढंच म्हणाली, "अगं, ज्याने शिवला त्याला दोन दिवस लागले असतील. तू निदान उलटा करून तरी बघायचास."

उलटा करून बघणं! पुढच्या दोन महिन्यांत घरातल्या चौघांसाठी जे काही शिवलं त्यातली निम्मी अक्कल या एका वाक्यात होती, हे मला तेव्हा कळलं नाही. उलट राग आला.

ठरवलं असं होतं की नवं कापड आणायचं नाही. चार शर्ट, दोन जीन्स, एक डबल बेडची चादर, दोन पडदे आणि दोन टी-शर्ट एवढा माल. त्यातून सोप्या, सरळ टिपांच्या वस्तू करायच्या. मी शिवणार, थोरली लेक खडूने आखणार आणि कापणार, धाकट्याने बटणं सांभाळायची. आईला काम दिलेलं नव्हतं. तिने ते स्वतःच घेतलं: उसवणं.

दुसरा शर्ट तिने माझ्या हातातून काढून घेतला. उलटा केला, बाजूची शिवण दोन्ही हातांनी ताणली आणि टिपेत उसवणीचं, म्हणजे टाके कापायच्या छोट्या हत्याराचं, टोक घातलं. मला वाटायचं, एकेक टाका कापत जायचं. ती दर चार-पाच टाके सोडून एक कापत गेली, मग कापड पालथं करून मागचा दोरा धरला आणि ओढला. वीतभर दोरा एका दमात निघून आला. शिवण दोन पाकळ्यांसारखी उघडली. आत दुमडलेलं जे कापड होतं ते बाहेरच्यापेक्षा गडद निळं होतं, तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. शर्टाचा मूळ रंग काय होता ते मला तिथे दिसलं.

उसवून मिळणारं कापड बरंच जास्त असतं. कापलं की दोन्हीकडची शिवणीतली दुमड जाते, कफातलं दुहेरी कापड जातं, खांद्यावरच्या दुहेरी पट्टीचा आतला पदर जातो. उसवलं की हे सगळं हाती लागतं. पण त्याहून मोठा फायदा वेगळाच आहे. उसवताना कळतं की काय उसवायचं नाही. शर्टाची बटणपट्टी, काजं, खिसा, खालची दुमडलेली कड, सगळं आपल्यापेक्षा सफाईदार हाताने आधीच शिवलेलं असतं. काज करणं मला आजही धड जमत नाही. मग जे आयतं आहे ते मोडायचं कशाला?

उशीचा अभ्रा असाच झाला. सोळा इंची चौकोनी उशी होती. शर्टाची बटणं लावून पुढची बाजू सपाट पसरली, बटणपट्टी बरोबर मध्ये येईल असा सतरा इंचांचा चौकोन आखला. शिवणीसाठी चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच. मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात तिथली, गोलाई टाळावी लागते आणि खिसा शिवणीत सापडणार नाही हे बघावं लागतं. आमचा खिसा जेमतेम वाचला. मागच्या बाजूसाठी शर्टाचीच पाठ. चेन नको, काज नको, उशी बटणं उघडून आत घालायची. चार सरळ टिपा की अभ्रा तयार.

तयार म्हणजे, सुलट बाजू एकमेकींवर ठेवून मी चारी बाजू शिवल्या आणि मग लक्षात आलं की बटणं लावलेलीच आहेत. अभ्रा उलटा, बंद, आणि बटणं आत. पट्टीच्या दोन बटणांमधल्या फटीतून दोन बोटं घालून, न बघता, आतलं एक बटण चाचपडत काढलं. धाकट्याला हा प्रकार इतका आवडला की दुसऱ्या अभ्र्याच्या वेळीही बटणं लावूनच ठेव म्हणून मागे लागला. (शेवटची बाजू शिवण्याआधी मधली दोन बटणं उघडा. हे आता मी खडूनेच कापडावर लिहून ठेवते.) बसल्यावर बटणांच्या मधून उशी डोकावते, त्यामुळे पट्टीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला दोन-दोन इंच कायमची टीप मारून टाकावी. उरलेली तीन बटणं पुरतात.

खिसा उशीवर राहिला. त्यात आता पेन्सिल, खोडरबर आणि एकदा एक दुधाचा दात सापडला.

कापड ओळखणं हा यातला खरा किचकट भाग, आणि त्यात मी सपशेल आपटले. वापरलेल्या कपड्यावरची आतली चिठ्ठी बऱ्याचदा कुणीतरी कापून टाकलेली असते, नाहीतर धुऊन धुऊन कोरी झालेली. पांढरा शर्ट हाताला सुती लागला म्हणून त्याचे हात पुसायचे आठ रुमाल केले. कडा दुमडून, कोपरे घडी घालून, चांगला वेळ देऊन. पहिल्याच दिवशी कळलं की ते पाणी टिपत नाहीत, नुसतं पसरवतात. मग जे आधी करायचं ते मागाहून केलं. शिवणीच्या आतल्या कापडातून चार धागे काढले, चिमट्यात धरले आणि पाण्याच्या भांड्यावर काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि बोटाने चुरडली की मऊ राख होते. हा धागा आधी आक्रसला, मग वितळला, काळा धूर निघाला आणि टोकाला कडक मणी राहिला. पॉलिएस्टर. सगळं नसेल, पण रुमाल निकामी करण्याइतकं नक्की.

पॉलिएस्टरला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते सहजी झिजत नाही, चुरगळत नाही. पण घाम आणि पाणी पीत नाही आणि इस्त्री जास्त गरम झाली की चकाकी येऊन बसते. त्या आठ रुमालांचं पुढे चष्मे पुसण्याचं कापड झालं. तेही फार बरं पुसत नाहीत.

दुसरी परीक्षा उजेडाची. कापड खिडकीसमोर धरायचं. चादरीची गंमत अशी की कडेला ती नवी असते आणि मधोमध, जिथे वर्षानुवर्षं कुणीतरी झोपलेलं असतं, तिथे जाळीसारखी विरळ होते. आईने सांगितलं, पूर्वी अशी चादर ती मधोमध उभी कापायची, दोन्ही बाजूंचे धड काठ मध्ये आणून जोडायची आणि झिजलेली कापलेली कड बाहेर नेऊन दुमडून टाकायची. चादर आणखी काही वर्षं चाले. पाठीला मधली शिवण टोचायची नाही का, असं मी विचारलं. "टोचायची," म्हणाली.

तिसरी परीक्षा हाताची. घडी जिथे वर्षानुवर्षं पडलेली असते तिथे कापड दोन्ही अंगठ्यांनी जवळ धरायचं आणि ओढायचं. दोन पडद्यांपैकी एक या परीक्षेत तिथल्या तिथे फाटला. दिसायला धडधाकट, पण उन्हाने धागा पार कुजलेला. नशीब, आधी ओढून बघितला.

वापरलेल्या कपड्याचा एक फायदा मात्र नव्या कापडाला नाही. त्याचं आटणं आधीच होऊन गेलेलं असतं. सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटतं, जुना शर्ट शेकडो वेळा धुतलेला असतो. तरी आणल्याबरोबर सगळं धुवायचंच, स्वच्छतेसाठी तर आहेच, आणि पडद्यांसारख्या गोष्टी कधी पाण्यात पडलेल्याच नसतात म्हणूनही. आमचा उरलेला पडदा एका धुण्यात लांबीला अडीच इंच आटला. तो न धुता जीन्सच्या पिशवीला अस्तर म्हणून वापरला असता तर ती पिशवी पहिल्या धुण्यात आतून आखडून वाकडी झाली असती.

चादरीच्या धड बाजूंमधून धाकट्याचा पायजमा करायचा ठरला. त्याचा अंगाला नीट बसणारा पायजमा उलटा केला, एक पाय दुसऱ्यात घातला, कागदावर ठेवून कडेने आखून घेतला. मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच असते, बसताना तिथे कापड लागतं. ती वेगळी आखावी लागते, नाहीतर वाकलं की पायजमा घसरतो. पुढची आणि मागची बाजू जोडून एका पायाला एकच तुकडा ठेवला, म्हणजे बाहेरच्या बाजूला शिवणच नको. शिवणीसाठी अर्धा इंच, कमरेला नेफ्यासाठी दीड इंच.

चादरीच्या टोकाला मोठी दुमडलेली कड असते. कागदाचं खालचं टोक बरोबर त्या कडेवर ठेवलं की पायाला खालून दुमडायची गरजच उरत नाही. या हुशारीवर मी खूश होते. लेकीने कडेला लागून एक पाय आखला, कागद सरकवून शेजारी दुसरा आखला, दोन्ही कापले. मी शिवायला घेतले. तर दोन्ही पाय डावे.

चादरीवर नक्षी एकाच बाजूला छापलेली होती. कागद सरकवला, पण पालथा घातला नाही. कापड दुहेरी घडी करून कापलं असतं तर उजवा-डावा आपोआप निघाला असता, पण कडेचा फायदा उठवायला आम्ही ते एकेरी पसरलं होतं. लेकीचा चेहरा उतरला. मी तिच्यावर ओरडणार होते, तेवढ्यात आईने पहिल्या शर्टाचे तुकडे ठेवलेल्या पिशवीकडे नुसतं बघितलं. मी गप्प बसले. चादरीला दुसरंही टोक असतं आणि त्यालाही कड असते. तिसरा पाय तिथून निघाला.

मग आधी प्रत्येक पायाची आतली शिवण. मग एक पाय सुलट करून दुसऱ्या उलट्या पायात घालायचा, सुलट बाजू समोरासमोर, आणि पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत एक सलग टीप. तिथे सगळ्यात जास्त ताण येतो म्हणून दोनदा मारली. कमरेला आधी पाव इंच, मग सव्वा इंच दुमडून नेफा केला, दोन इंच तोंड उघडं ठेवलं. इंचभर रुंदीचं इलॅस्टिक कमरेच्या मापापेक्षा दोन इंच कमी घेऊन सेफ्टी पिन लावून ओवलं. अर्ध्या वाटेत पिन आत उघडली. ती कशी काढली ते सांगण्यासारखं नाही.

उरलेला डावा पाय वाया गेला नाही. खालून बंद केला, वर नाडी घातली. बूट ठेवायची पिशवी झाली. घरात तिचं नाव "तिसरा पाय".

जीन्सवर माझ्या तीन सुया मोडल्या. यात शिवणाऱ्याचा दोष कमी, सुईचा जास्त असं मी म्हणत होते, आणि बऱ्याच अंशी ते खरंच निघालं. सुईच्या पाकिटावर 80/12, 90/14 असे जोडआकडे असतात. पहिला आकडा म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 80 म्हणजे 0.8 मिलिमीटर. शर्टाला ती ठीक. जीन्सला 100/16 लागते, म्हणजे पुरी एक मिलिमीटर. मी 80 च्या सुईने जीन्स शिवायला बसले होते.

सुई बदलल्यावरही एक जागा अडायचीच: जिथे पायाची आतली शिवण दुसऱ्या शिवणीला ओलांडते. एकेका शिवणीत कापड दुमडून दुमडून बसवलेलं, त्यात दोन शिवणी एकमेकींवर. तिथे आईने जुनी युक्ती सांगितली. कापडात गुंडाळून हातोडीने ती गाठ ठोकायची. धागे सपाट होतात, सुई जाते. मग मोटर बंद ठेवून चाक हाताने फिरवायचं, एकेक टाका. आणि मशीनचा पाय, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा भाग, चढावर तिरका होऊन टाके अडकत असतील तर पायाच्या मागच्या बाजूखाली कापडाची जाडसर घडी सरकवायची, म्हणजे पाय सपाट राहतो. टाका नेहमीच्या अडीच मिलिमीटरऐवजी साडेतीनचा ठेवला. पिशवी झाली, मागचे दोन्ही खिसे तसेच, पडद्याचं अस्तर. पट्ट्यासाठी जीन्सची कमरपट्टी उसवून वापरली. ती उसवायला आईला दोन संध्याकाळी लागल्या.

या मोडलेल्या सुयांच्या निमित्तानेच धाकट्याने विचारलं, की हातसुईचं भोक वर असतं आणि मशीनच्या सुईचं टोकाशी का? मला तोवर हा प्रश्न कधी पडला नव्हता. हातसुई कापडातून आरपार जाते, मशीनची सुई जातच नाही. ती टोकातला दोरा कापडाखाली नेते आणि वर येताना तो किंचित सैल पडून त्याचा फास होतो. त्या फासातून खालच्या बॉबिनचा, म्हणजे मशीनच्या पोटातल्या छोट्या रिळाचा, दोरा जातो. टाका तिथे बसतो. टोकाशी भोक असलेली सुई आणि दोन दोऱ्यांचा हा अडकणारा टाका यांचं पेटंट इलायस हाऊ या अमेरिकी माणसाला 1846 मध्ये मिळालं. त्याच्या मशीनला आज कुणी ओळखणार नाही, सुईचं भोक मात्र अजून टोकाशीच आहे.

हे कळल्याचा उपयोग लगेच झाला. लेकीने आणलेला टी-शर्ट तिला दोन मापं मोठा होता, बाजूंनी आत घ्यायचा होता. मशीन टाके सोडत होतं. चार बसायचे, दोन गायब. मी दोऱ्याचा ताण बदलून बदलून थकले. होत काय होतं, तर विणलेलं लवचीक कापड सुईबरोबर खाली-वर व्हायचं, दोरा सैल पडायचा नाही, फास तयार व्हायचा नाही, बॉबिनच्या दोऱ्याला जायला वाटच नाही. अशा कापडाला गोल टोकाची, बॉलपॉइंट सुई मिळते. ती धागा तोडत नाही, दोन धाग्यांमधून सरकते. ती लावली, बारीक नागमोडी टाका घेतला आणि टाके सुटणं थांबलं. नागमोडी यासाठी की सरळ टीप ताणली तर तुटते.

पण मी शिवताना कापड ओढलं. ओढायचं नसतं, मशीनला आपलं आपण नेऊ द्यायचं असतं. बगलेपासून खालपर्यंत शिवण लाटांसारखी झाली. वाफेची इस्त्री दाबून ठेवल्यावर बरीचशी बसली. लेकीने घालून आरशात बघितलं, हात खाली सोडले, पुन्हा वर केले. "हात खाली ठेवले की दिसत नाही," असं म्हणून तो घालून निघून गेली. ही पसंती की दया, मी विचारलं नाही.

नवऱ्यासाठी काहीच झालं नाही, हे तो अधूनमधून सुनावतो. त्याच्या शर्टाची कॉलर घासून फाटली होती, तेवढी मात्र उलटवून दिली. कॉलर गळ्याच्या पट्टीपासून उसवायची, फाटकी बाजू आत जाईल अशी पालथी करायची, त्याच फटीत परत बसवून टीप मारायची. उसवण्याआधी कॉलरचा आणि पट्टीचा मध्य टाचणीने पक्का करून ठेवला तर वाकडी बसत नाही. अर्ध्या तासाचं काम. बाकी सगळ्यात मला हेच सर्वांत आवडलं, कारण काही कापावंच लागलं नाही.

सध्या मोठ्या बायकी कोटाचं काम चालू आहे. लेकीसाठी त्याचं जाकीट करायचं आहे. मी त्यात पडायला नको होतं. कोटाच्या आत अस्तर, छातीला आत आणखी एक कडक कापड, खांद्याला गादी. आई चार दिवस तो मांडीवर घेऊन बसली आहे. मला कात्री लावू देत नाही.

काल अस्तर सुटलं तेव्हा आतून कुणीतरी कंबर सैल केलेली दिसली. कारखान्याची काळी टीप उसवून, शिवणीतलं सगळं कापड बाहेर काढून, तपकिरी दोऱ्याने हाताने पुन्हा शिवलेलं. काळा दोरा नसेल घरात. टाके मात्र एकसारखे, मुंगीच्या पावलांसारखे. खालची तुरपाईही त्याच दोऱ्याने.

आईने कोट खिडकीपाशी नेला, चष्मा वर केला आणि तुरपाई डोळ्यांजवळ धरली.

"डावखुरी होती," ती म्हणाली.

"कशावरून?"

"टाके कुठे झुकलेत बघ. माझे दुसरीकडे झुकतात."